‘ड्रॅक्युला’: छायांचे वैभव, भयाची तूट

ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून रुपेरी पडद्याने या रक्तपिपासू उमरावाला वारंवार शवपेटीतून उठवले आहे. १९२२ मध्ये एफ. डब्ल्यू. मुर्नाऊने परवानगी न घेताच ‘नोस्फेराटू’ काढला. स्टोकरच्या विधवा पत्नीने न्यायालयात दाद मागून त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळवला, तरीही काही प्रती वाचल्याच. १९३१ मध्ये बेला लुगोसीने आणि १९५८ मध्ये ख्रिस्तोफर लीने ही भूमिका अजरामर केली. या परंपरेत फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या १९९२ मधील ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’ या चित्रपटाचे स्थान वेगळे आहे. मूळ लेखकाचे नाव शीर्षकातच घेऊन त्याने कादंबरीवरील निष्ठेचा दावा केला. त्यामुळे त्याचे गुणदोष तपासताना हा दावा बाजूला ठेवता येत नाही.

कथानकाच्या बाह्यांगापुरता हा दावा बराचसा खरा आहे. स्टोकरची कादंबरी रोजनिशी, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रीय कात्रणे यांतून उलगडते. १९३१ चा चित्रपट रंगमंचीय रूपांतरावर बेतलेला असल्याने त्यातून ही रचना आणि काही पात्रे गळाली होती. कपोला आणि पटकथाकार जेम्स हार्ट यांनी ल्युसीचे तिन्ही प्रेमयाचक, रोजनिशीतील निवेदन आणि किल्ल्यापर्यंतचा अखेरचा पाठलाग हे सारे परत आणले.

चित्रपटाचे सर्वांत मोठे बळ त्याच्या दृश्यरूपात आहे. हॉलिवूड संगणकीय करामतींकडे वळत असताना कपोला यांनी त्या नाकारल्या. त्यांचे पुत्र रोमन यांच्या साहाय्याने त्यांनी दुहेरी चित्रण, उलटे चित्रण, लघुप्रतिकृती अशा मूकपटांच्या काळातील क्लृप्त्या वापरल्या. मालकाच्या हालचालीशी मेळ न राखणारी ड्रॅक्युलाची सावली किंवा रोजनिशीच्या पानावरून धावणारी आगगाडी आजही जुनी वाटत नाही. यात केवळ हौस नव्हती. ल्युमिएर बंधूंचा पहिला जाहीर खेळ १८९५ चा आणि कादंबरी १८९७ ची. म्हणजे सिनेमा आणि ड्रॅक्युला एकाच काळाची अपत्ये. मिना आणि ड्रॅक्युला यांची भेट लंडनमधील चलच्चित्रांच्या खेळात घडते, त्यामागे हेच भान आहे.

जपानी वेशभूषाकार एइको इशिओका यांचे काम तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कातडी सोललेल्या स्नायूंसारखे दिसणारे लाल चिलखत आणि मृत ल्युसीचा सरड्याच्या गळपट्ट्यासारखा फुलारलेला विवाहवेश ही पात्रांची अंतरंगेच होत. चित्रपटाला वेशभूषा, रंगभूषा आणि ध्वनिपरिणाम संकलन यांसाठी तीन ऑस्कर मिळाली. मिखाएल बालहाउस यांचे छायालेखन आणि वोयचेख किलार यांचे गंभीर, घुमणारे संगीत यांचा वाटाही मोठा आहे. जर्जर म्हातारा, तरुण राजपुत्र आणि हिंस्र श्वापद अशा रूपांतून एकाच व्यक्तीची वेदना जाणवत राहते, याचे श्रेय गॅरी ओल्डमन यांचे.

तथापि मर्यादा याच वैभवाच्या पोटात दडल्या आहेत. कियानू रीव्ह्ज यांचा जोनाथन हार्कर कमालीचा फिका आहे आणि त्यांच्या इंग्रजी उच्चारांवर भरपूर टीका झाली. हा दोष एका नटापुरता उरत नाही. मिनाला पती आणि ड्रॅक्युला यांतून निवड करायची आहे. पण पतीचे पारडे मुळातच रिते असल्याने त्या निवडीला वजन येत नाही. ल्युसी आरंभापासूनच उच्छृंखल रंगवल्याने तिचे पिशाच्चात होणारे परिवर्तन हवा तेवढा हादरा देत नाही. अँथनी हॉपकिन्स यांचा व्हॅन हेल्सिंगही काही प्रसंगी विनोदाच्या काठावर जातो.

खरा वाद मात्र आशयाचा आहे. १४६२ मधील युद्ध, पत्नीची आत्महत्या, ईश्वराशी द्रोह आणि चार शतकांनंतर मिनाच्या रूपाने त्या पत्नीचा पुनर्जन्म हे कथासूत्र कादंबरीत कोठेही नाही. पुनर्जन्मित प्रेयसीची कल्पना १९७४ मधील डॅन कर्टिस यांच्या दूरचित्रपटात आधीच येऊन गेली होती. कादंबरीत ड्रॅक्युला स्वतः निवेदन करीत नाही; तो इतरांच्या नोंदींतून दिसतो आणि लंडनला आल्यावर तर क्वचितच समोर येतो. त्याचे भय या अनुपस्थितीत आहे. चित्रपट त्याला भूतकाळ, दुःख आणि कारण देतो. कारण कळलेल्या राक्षसाची कीव येते, भीती वाटत नाही.

याची सर्वाधिक किंमत मिनाने मोजली आहे. कादंबरीतील मिना लघुलेखन जाणते, टंकलेखन करते, विखुरलेली कागदपत्रे जुळवून शत्रूचा माग काढते. ड्रॅक्युला तिला आपले रक्त बळजबरीने पाजतो, तो प्रसंग उघड अत्याचाराचा आहे. चित्रपटात तीच घटना तिच्या इच्छेने घडणारे प्रणयदृश्य बनते. शोककथेला उंची आली, पण पीडितेचा आक्रोश पुसला गेला.

अर्थात कपोला यांची करुणा सर्वस्वी उपरी नाही. कादंबरीतील मिनाही या दुष्टात्म्याबद्दल दया बाळगण्यास सांगते आणि मरणक्षणी त्याच्या मुद्रेवर शांती पाहते. चित्रपटाने हे छोटे बीज घेऊन त्याचा वृक्ष केला. २०२५ मध्ये ल्युक बेसाँ यांनीही आपल्या ‘ड्रॅक्युला’साठी हरवलेल्या पत्नीच्या शोधाचीच वाट धरली, तर त्याआधी २०२४ मध्ये रॉबर्ट एगर्स यांचा ‘नोस्फेराटू’ पुन्हा निखळ भयाकडे वळला होता. प्रियकर की राक्षस, हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

सुमारे चार कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात वीस कोटींहून अधिक डॉलर कमावले. स्टोकरची कथा म्हणून तो अर्धसत्य आहे. सिनेमाच्या जादूला वाहिलेली मानवंदना म्हणून मात्र तो आजही पाहावा असा आहे. शक्यतो कादंबरी आधी वाचून पाहावा, म्हणजे काय मिळाले आणि काय गमावले याचा हिशेब प्रेक्षकाला स्वतःच मांडता येईल.