वाळूवरील गाड्यांचे सुकाणू
1964 साली कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स यांनी फोक्सवागन बीटलचे इंजिन फायबरग्लासच्या हलक्या कायेत बसवून जी ‘मँक्स’ बग्गी सिद्ध केली, तिच्या अनुकरणाने घरीच गाड्या बांधणाऱ्या हौशी कारागिरांना बीटलचे स्टिअरिंगही वारशाने मिळाले. त्याची पेटी एका बाजूस असल्याने चाकांकडे जाणारे दांडे असमान लांबीचे. सपाट रस्त्यावर हे वैगुण्य फारसे जाणवत नसे, परंतु खाचखळग्यांत चाक उसळले की चालकाच्या इच्छेवाचून गाडीची दिशा बदले. म्हणून जाणत्यांनी मध्यावर रॅक-पिनियन बसवून दांडे समान केले. मला मात्र अधिक विलक्षण वाटते ती निराळीच तजवीज: इंजिनाचा भार मागे असल्यामुळे पुढची चाके वाळूत नुसतीच घसरू लागत, तेव्हा मागच्या एकाच चाकास स्वतंत्र ब्रेक लावून गाडी वळविली जाई, आणि सुकाणूचा अंमल मागच्या चाकांकडे येई.