मोटारीतील मागील वातानुकूलन ब्लोअरच्या बिघाडाचे निदान

मागील वातानुकूलन ब्लोअर म्हणजे मोटारीच्या मागील आसनांवरील प्रवाशांपर्यंत थंड हवा पोहोचवणारा विजेवर चालणारा पंखा होय. तीन रांगांच्या मोटारी, व्हॅन आणि मिनीबस यांत तो प्रामुख्याने आढळतो. तो बंद पडला तरी पुढील भाग थंड राहत असल्याने चालकाला बिघाड लवकर जाणवत नाही. मागे बसलेल्या प्रवाशांना, विशेषतः लहान मुले व वृद्ध यांना, मात्र उन्हाळ्यात त्याचा मोठा त्रास होतो. या बिघाडाचे निदान मुख्यतः विद्युत परिपथाच्या क्रमवार तपासणीने होते. त्यासाठी वातानुकूलनाचा गॅस काढावा लागत नाही.

इतिहास

अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये, १९४० सालच्या मॉडेलांसाठी, वातानुकूलन यंत्रणा उपलब्ध करून दिली. तिची कूलिंग कॉइल व ब्लोअर मागील आसनाच्या पाठीमागे होते. १९५४ च्या नॅश मोटारींत संपूर्ण यंत्रणा पुढील भागात सामावण्यात आली व पुढे हीच रचना रूढ झाली. लांब मोटारींत पुढील ब्लोअरची हवा शेवटच्या रांगेपर्यंत पुरेशी पोहोचत नसल्याने मागे स्वतंत्र ब्लोअर बसवला जातो.

रचना

मागील भागास हवा पुरवण्याच्या तीन पद्धती आहेत.

• पुढील ब्लोअरचीच हवा नळीद्वारे मागील झरोक्यांपर्यंत नेली जाते. यात मागे पंखा नसतो.
• मागे केवळ पंखा असतो. तो पुढून आलेली थंड हवा ओढून मागे सोडतो.
• मागे पंख्यासोबत स्वतंत्र कूलिंग कॉइलही असते.

आपल्या मोटारीत यांपैकी कोणती रचना आहे, हे निदानापूर्वी जाणून घेणे आवश्यक असते. ब्लोअरच्या परिपथात सामान्यतः फ्यूज, रिले, स्विच, वेग नियंत्रित करणारा रेझिस्टर, मोटर आणि मोटारीच्या सांगाड्याशी जोडलेली अर्थची तार हे घटक असतात. स्वयंचलित वातानुकूलन असलेल्या मोटारींत साध्या रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो.

लक्षणे व संभाव्य कारणे

• कोणत्याही वेगावर हवा येत नाही: फ्यूज, रिले, स्विच, मोटर किंवा अर्थ यांपैकी एकात दोष.
• केवळ सर्वाधिक वेगावर हवा येते: रेझिस्टर जळाला असण्याची शक्यता. सर्वाधिक वेगाला वीज रेझिस्टरला वगळून थेट मोटरकडे जाते.
• पंखा फिरतो, पण हवा कमी येते: हवा आत घेण्याच्या जागेवर सामान, जाळीत धूळ किंवा कॉइलवर बर्फ.
• भरपूर हवा येते, पण ती गरम असते: दोष ब्लोअरमध्ये नसून शीतकरणात असतो.
• खडखड किंवा घरघर ऐकू येते: पंख्यात अडकलेला कागद वा कचरा, अथवा झिजलेले बेअरिंग.

तपासणीचा क्रम

प्रथम पुढील पॅनेलवरील मागील वातानुकूलनाचे मुख्य बटण सुरू असल्याची खात्री करतात. अनेक मोटारींत ते बंद असल्यास मागील स्विच निरुपयोगी ठरतो. त्यानंतर फ्यूज मल्टिमीटरने तपासतात. डोळ्यांना अखंड दिसणारा फ्यूजही आतून तुटलेला असू शकतो. नवा फ्यूज लगेच उडाल्यास मोटरचा प्लग काढून पुन्हा पाहतात. आता फ्यूज टिकला तर मोटर अडकली आहे किंवा आतून शॉर्ट झाली आहे. तरीही उडाला तर दोष वायरिंगमध्ये आहे. उंदरांनी तारा कुरतडणे हे त्याचे एक नेहमीचे कारण होय.

फ्यूज ठीक असल्यास ब्लोअर सर्वाधिक वेगावर ठेवून मोटरच्या दोन टोकांमधील दाब मोजतात. हे मापन प्लग जोडलेला असतानाच करावे लागते. प्लग काढल्यावर तारेतून प्रवाह वाहत नसल्याने गंजलेल्या तारेवरही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात आणि निदान चुकते. दाब पूर्ण असून मोटर फिरत नसेल, तर मोटर निकामी ठरते. हलकी थाप दिल्यावर ती फिरू लागली, तर कार्बन ब्रश झिजलेले असतात. दाब कमी असल्यास पुरवठ्याची व अर्थची बाजू वेगवेगळी तपासतात. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असलेल्या मोटारींत निदान यंत्राने दोषसंकेतही वाचता येतात.

रेझिस्टर वारंवार जळणे

जळालेला रेझिस्टर हा पुष्कळदा मूळ दोष नसून परिणाम असतो. जड फिरणारी मोटर अधिक प्रवाह ओढते आणि रेझिस्टर तापतो. शिवाय रेझिस्टर सामान्यतः ब्लोअरच्याच हवेने थंड होत असल्याने हवेचा मार्ग तुंबला तरी तो जळू शकतो. म्हणून नवा रेझिस्टर बसवण्यापूर्वी मोटर हाताने सहज फिरते का, तिचा प्रवाह उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत आहे का आणि हवेचा मार्ग मोकळा आहे का, हे पाहणे आवश्यक असते. अन्यथा नवा भागही अल्पावधीत निकामी होऊन खर्च वाया जातो.

खबरदारी

फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावल्यास वायरिंग तापून मोटारीस आग लागू शकते. छताचे किंवा खांबांचे आवरण काढण्यापूर्वी बॅटरी सोडवून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबावे लागते, कारण तेथे पडदा-एअरबॅग असू शकते. तिच्या तारांवर मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावणे धोक्याचे आहे. दोष शीतकरणात आढळल्यास गॅसचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडे सोपवले जाते.