मूनमॅन आणि विठाबाई

परवा शनिवारी लेण्याद्रीला जाऊन आलो. पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून जुन्नर आणि पुढे पाचेक किलोमीटरवर डोंगर. बहुतेक मंडळी सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचं दर्शन घेतात आणि माकडांना चुकवत खाली उतरतात. मी मात्र शेजारच्या सहाव्या लेण्यात जरा रेंगाळलो. तिथल्या चैत्यगृहात एक ब्राह्मी लेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिलं, असा त्याचा अर्थ. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार असावा. पैसे देणाऱ्याचं नाव अठराशेच्या आसपास वर्षं टिकलंय. छिन्नी-हातोडा चालवणाऱ्यांचं मात्र एकही नाव त्या लेखात नाही.

पायऱ्या उतरताना एकदम एमटीव्ही आठवलं. हसू नका, सांगतो.

एमटीव्हीचा व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्सचा पहिला सोहळा १४ सप्टेंबर १९८४ ला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये झाला. चॅनल सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. रेकॉर्ड कंपन्या जाहिरात म्हणून गाण्यांचे व्हिडिओ बनवायच्या आणि चॅनल ते दिवसभर दाखवायचं. त्या जाहिरातीलाच कला म्हणून मान द्यायचा, म्हणून हा सोहळा. बक्षीस काय, तर झेंडा घेतलेल्या चांद्रवीराचा पुतळा, म्हणजे मूनमॅन. त्या रात्री मॅडोना लग्नाच्या पोशाखात भल्यामोठ्या केकवरून उतरत गायली आणि रातोरात चर्चेचा विषय झाली.

पण मला त्यातली दुसरीच गोष्ट आवडते. पहिल्याच वर्षी संकलन, कलादिग्दर्शन, छायाचित्रण, स्पेशल इफेक्ट्स, नृत्यदिग्दर्शन अशा कामांना वेगवेगळी बक्षिसं होती. हर्बी हँकॉकच्या 'रॉकिट'ला पाच बक्षिसं मिळाली. त्या व्हिडिओत नाचतात यंत्रमानव, आणि स्वतः हँकॉक दिसतो तो एका टीव्हीच्या पडद्यावर! म्हणजे छिन्नी चालवणाऱ्यांनाही लेखात जागा होती.

परतताना नारायणगावला चहाला थांबलो. या गावाला तमाशापंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, घासाघीस करतात आणि आपल्या जत्रेसाठी फडाची सुपारी देऊन जातात. (ही सुपारी म्हणजे कार्यक्रमाची बोलणी पक्की झाल्याची खूण, सिनेमातली नव्हे :) )

याच गावाचं नाव लावणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५, पंढरपूरचा, म्हणून नाव विठा. आजोबा नारायण खुडे यांनी फड काढला, पुढे वडील आणि काकांनी तो 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने गाजवला. बाईंची एक हकीकत सगळे सांगतात. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे येऊन उभ्या राहिल्या. लोकांना कळलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवला म्हणे.

बाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा सन्मान मिळाला, १९५७ आणि १९९० साली. पहिला मिळाला तेव्हा देशात टीव्ही सुरूच झाला नव्हता. दिल्लीत तो १९५९ ला आला आणि मुंबईत १९७२ ला. १५ जानेवारी २००२ ला बाई गेल्या. हॉस्पिटलचं बिल भरायला घरात पैसे नव्हते, ते देणगीदारांनी भरलं.

इथे मी अडकलो. राष्ट्रपतींचे दोन सन्मान आणि बिल थकलेलं, हे कसं?

थोडा विचार केल्यावर हिशोब लागला. मूनमॅनच्या पुतळ्यातून मॅडोनालाही पगार मिळत नव्हताच. पण तिच्यामागे विकली जाणारी रेकॉर्ड होती. एक रात्र टीव्हीवर गाजली की रेकॉर्ड आणखी खपणार, गाणं ती झोपलेली असतानाही कमावणार. तमाशाचं गणित वेगळं. आज रात्री बोर्डावर उभं राहिलं तर आजचे पैसे. त्यातून फडाचे ट्रक, तंबू, ढोलकीवाला, सुरत्ये, सोंगाड्या, सगळ्यांचं भागवायचं. पाय थांबले की कमाई थांबली. सन्मानाने बाईंचं नाव मोठं झालं, पण त्या नावाला कमाई जोडून देणारी यंत्रणाच नव्हती.

२००६ मध्ये राज्य सरकारने तमाशा कलावंतांसाठी विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कांताबाई सातारकर आणि विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही तो मिळाला. हे चांगलंच झालं. निदान यावेळी नाव कोरलं गेलं ते राबणाऱ्या बाईचं. पण मला विचाराल तर वृद्ध कलावंतांना दरमहा मानधन देणारी सरकारी योजना पुरस्कारापेक्षा जास्त मोलाची. तिथे टाळ्या नसतात, कॅमेरा नसतो, पण औषधाचं दुकान शाल-श्रीफळावर चालत नाही.

आपल्या ऑफिसातही वर्षाअखेर ट्रॉफ्या वाटतात. माझ्या टेबलावरही एक आहे. पण आजारी पडलो तर कामाला येतो तो इन्शुरन्स, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. विठाबाईंच्या हाती फक्त ट्रॉफी दिली गेली.

असो. लेण्याद्रीला गेलात तर गणपतीच्या दर्शनानंतर सहाव्या लेण्यातही डोकवा. सुलसदत्ताचं नाव तिथे आहेच. खांबांवरून हात फिरवायचा मोह आवरा, पण ते घडवणाऱ्यांची एकदा आठवण काढा.