ग्राफिटी

भिंत, खडक, खांब अशा उघड्या पृष्ठावर कोरून, खरवडून किंवा रंगवून केलेले, बहुधा विनापरवाना लेखन वा चित्र. ‘खरवडणे’ या अर्थाच्या इटालियन क्रियापदावरून हा शब्द आला. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतींवर अशा हजारो ओळी सापडल्या. रोजच्या बोलण्यातली लॅटिन त्यांतून कळते. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे डबे फवाऱ्याच्या रंगांनी भरले आणि कला की विद्रूपीकरण हा वाद पेटला. तिथल्याच ‘फाइव्ह पॉइंट्झ’ इमारतीवर मालकाच्या संमतीने काढलेली चित्रे 2013 मध्ये मालकानेच रातोरात पांढरी फासून पुसली. 2018 मध्ये न्यायालयाने 21 चित्रकारांना 67.5 लाख डॉलर भरपाई दिली.

ग्राफिटीचे सर्वांत सुंदर उदाहरण श्रीलंकेतील सिगिरियाची आरसाभिंत. कश्यप राजाचा हा पाचव्या शतकातला गड ओस पडल्यावरही कड्यावर रंगवलेल्या स्त्रिया पाहायला लोक येत राहिले. वाटेलगतच्या, घोटून चकचकीत केलेल्या गिलाव्यावर त्यांनी बारीक अक्षरांत कविता कोरल्या. या स्त्रिया बोलत का नाहीत, अशी लाडिक तक्रारही त्यांत आहे. सेनरत परणवितान यांनी 1956 मध्ये अशा 685 रचना प्रसिद्ध केल्या. जुन्या सिंहली कवितेचा तो अनमोल ठेवा ठरला. चित्रे वर कड्यावर, अक्षरे खाली भिंतीवर. लिहिणाऱ्यांनी चित्रांवर टोक चालवले नाही.

अजिंठ्यात मात्र नेमके तेच झाले. शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील खांबावर, रंगवलेल्या आकृतीवरच, स्वतःचे नाव आणि 28 एप्रिल 1819 ही तारीख खरवडली. अक्षरे आज डोक्याच्या वर दिसतात, कारण तेव्हा लेण्यात काही फूट राडारोडा साचला होता आणि तो त्यावर उभा होता. त्या ओरखड्याने इतिहासाला तारीख दिली, हे खरे. पण ते नुकसानच. खाली मातीचा, भाताचे तूस मिसळलेला गिलावा आणि त्यावर रंगाचा पापुद्रा. तो एकदा गेला की परत येत नाही.

भारतात संरक्षित स्मारकाचे असे नुकसान केल्यास, 2010 च्या कायदादुरुस्तीनुसार, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सिगिरियाच्या त्याच आरसाभिंतीवर 2015 मध्ये नाव कोरणाऱ्या एका पर्यटकालाही दोन वर्षांची शिक्षा झाली होती. पुढे राष्ट्राध्यक्षांनी ती माफ केली.