मिठाच्या पाण्यातली शेंग : एका पाककृतीची कुळकथा

भुईमुगाच्या शेंगेवर माणसाने मुख्यतः तीन संस्कार केले : ती वाळवून भाजली, तिचे दाणे घाण्यात घालून तेल काढले, आणि ती ओली असतानाच मिठाच्या पाण्यात उकडली. पहिल्या दोन संस्कारांतून निघालेला भाजका दाणा आणि तेल ही पोत्यांतून आणि पिंपांतून जगभर गेली, त्यांचे बाजारभाव ठरले, त्यांच्यावर कारखाने उभे राहिले आणि त्यामुळे त्यांचा इतिहास व्यापाराच्या कागदपत्रांतून वाचता येतो. उकडलेल्या शेंगेचे तसे नाही. ओली शेंग, म्हणजे वेल उपटल्यावर न वाळवलेली शेंग, आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पाणी धरून असते, उबेत राहिली तर थोड्याच दिवसांत बुरशी धरते, आणि उकडल्यावर तर त्याहून लवकर नासते. व्यापाऱ्याला न पेलणारा हा जिन्नस म्हणूनच ज्यांनी भुईमूग पिकवला त्यांच्याबरोबर फिरला, आणि त्याचे कूळ शोधायचे तर जहाजांवरच्या मालापेक्षा त्या जहाजांतून नेल्या गेलेल्या माणसांकडे पाहावे लागते.

भुईमूग ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली आहे. लिनियसने 1753 मध्ये तिला ‘अरॅकिस हायपोजिया’ हे शास्त्रीय नाव दिले. दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिना या पट्ट्यात वाढणाऱ्या अरॅकिस ड्युरानेन्सिस आणि अरॅकिस इपायेन्सिस या दोन वन्य जातींचा संकर होऊन ती जन्मली, आणि प्रत्येकी 20 गुणसूत्रे असलेल्या या दोन पूर्वजांचा पूर्ण वारसा घेतल्यामुळे तिच्या पेशीत 40 गुणसूत्रे आढळतात. तिचे पिवळे फूल जमिनीच्या वर उमलते. फलन झाल्यावर फुलाच्या बुडातून एक अणकुचीदार देठ खाली वाढत जाऊन मातीत शिरतो, त्याला शेतकरी आरी म्हणतात, आणि या आरीच्या टोकाशी मातीच्या अंधारात शेंग भरते. उत्तर पेरूतल्या न्यानचोक खोऱ्यात सापडलेली भुईमुगाची टरफले सुमारे 8,500 वर्षांपूर्वीची आहेत. त्याच पेरूच्या किनाऱ्यावर नांदलेल्या मोचे संस्कृतीत शेंगेला मोठा मान होता : वॉल्टर अल्वा यांनी 1987 मध्ये सिपान येथे उजेडात आणलेल्या राजसमाधीत मृताच्या गळ्यात 10 सोन्याच्या आणि 10 चांदीच्या शेंगांचा हार होता, आणि त्या धातूच्या शेंगांवर टरफलाची जाळीदार नक्षी आणि मधली चिमट तशीच्या तशी घडवलेली आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांनी हे पीक पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेले, आणि पुढे उकडलेल्या शेंगेच्या कथेला जे वळण लागले ते याच किनाऱ्यावर. आफ्रिकेला जमिनीखाली पिकणारी शेंग नवी नव्हती. तिथे पूर्वापार बंबारा नावाचे कडधान्य घेतले जात होते. हे कडधान्य आपल्या मूग-चवळीच्या विग्ना या प्रजातीतले; शास्त्रीय भाषेत विग्ना सबटेरेनिया. त्याचीही शेंग मातीतच भरते, मात्र तिच्यात बहुधा एकच गोल दाणा असतो. 1352 मध्ये मालीच्या राज्यात गेलेल्या इब्न बतूताने जमिनीतून उकरून काढलेल्या कडधान्यासारख्या दाण्यांची नोंद केली आहे, आणि अभ्यासक ते दाणे बंबाराचेच मानतात. भुईमुगाच्या दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते, तर बंबारात ते अवघे 6-7 टक्के असून बाकी भर पिष्टाचा आणि प्रथिनांचा आहे. पिष्टमय दाणा मऊ करायचा तर त्याला पाणी आणि वेळ द्यावा लागतो. म्हणून ताजी बंबारा शेंग टरफलासकट मिठाच्या पाण्यात उकडून सोलून खाणे ही आफ्रिकेत रुळलेली रीत आहे, आणि घानामध्ये ‘अबोबोई’ या नावाने हेच दाणे मीठ-मिरची घालून शिजवतात आणि तळलेल्या केळ्यांबरोबर खातात.

तेलाने भरलेल्या भुईमुगाला असे तासन्‌तास उकडायची गरज नव्हती. तो भाजून उत्तम लागतो. तरीही आफ्रिकेतल्या गृहिणींनी तो उकडला, कारण मातीतून निघणाऱ्या शेंगेचे काय करायचे हे त्यांच्या हातांना आधीपासून ठाऊक होते. पीक परदेशातून आले, पण भांडे, मीठ आणि रीत घरचीच राहिली. दोन्ही शेंगांना लोक एकाच पंक्तीत बसवत होते याचा पुरावा भाषेतही आहे : मध्य आफ्रिकेतल्या बंटू भाषांत जमिनीतल्या शेंगेला असलेला ‘न्गुबा’ हा शब्द अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘गूबर’ होऊन भुईमुगाला चिकटला, तर जॉर्ज मार्कग्राफच्या 1648 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ब्राझीलमध्ये पोचलेल्या बंबाराची ओळख ‘अंगोलाचा भुईमूग’ अशा अर्थाच्या नावाने झाली आहे.

भुईमूग उत्तर अमेरिकेत पोचला तो गुलामांच्या व्यापाराच्या वाटेने. गिनीच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या जहाजांत कैद्यांना खाऊ घालण्यासाठी या शेंगा भरल्या जात, असे हॅन्स स्लोन या वैद्याने जमैकाविषयीच्या आपल्या ग्रंथात नोंदले आहे. कॅरोलिना, जॉर्जिया आणि व्हर्जिनिया या प्रांतांत गुलाम स्त्री-पुरुष मालकाच्या शेतावर भात, तंबाखू, कापूस पिकवत, आणि स्वतःसाठी मिळालेल्या परसाच्या तुकड्यात शेंगा लावत. गोऱ्या जमीनदारांच्या लेखी दीर्घकाळ हे डुकरांचे आणि गुलामांचे खाद्य होते. त्या परसांतून आणि चुलींवरून उकडण्याची रीत पुढे गेली, पण ज्यांनी ती जपली त्यांना लिहायला-वाचायला शिकण्याचीच बंदी असल्यामुळे त्यांची नावे कोणत्याही पाकपुस्तकात आली नाहीत.

या पदार्थाचा जन्म 1861 ते 1865 या काळातल्या अमेरिकन यादवी युद्धात झाला, अशी समजूत अमेरिकेत प्रचलित आहे. रसद तुटलेल्या दक्षिणेच्या सैनिकांनी शेकोटीवर शेंगा उकडून दिवस काढले, असे सांगितले जाते, आणि 1866 मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये छापून निघालेल्या ‘गूबर पीज’ या गाण्यामुळे ती समजूत पक्की झाली. सैनिकांनी शेंगा खाल्ल्या हे खरे. परंतु उपाशी सैन्याला जो पदार्थ शेतातून सहज मिळाला, तो त्या शेतांत राबणाऱ्यांच्या घरी आधीपासून शिजत होता. युद्धाने या पदार्थाला जन्म दिला नाही. त्याला गोऱ्या समाजाच्या जेवणात जागा करून दिली.

छापील कृती आली ती आणखी उशिरा : आल्मेडा लॅम्बर्ट यांच्या 1899 मधल्या कठीण कवचाच्या फळांवरील पाकपुस्तकात उकडलेल्या शेंगेची कृती दिलेली आढळते. तोवर हा पदार्थ चौकांत आणि न्यायालयांसमोर कागदी पुड्यांतून विकला जाऊ लागण्याच्या बेतात होता. पुढे 1977 ते 1981 या काळात अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर लहानपणी, 1930 च्या सुमारास, जॉर्जियातल्या प्लेन्स या गावी उकडलेल्या शेंगा विकत असत. शेतातून वेल उपटायचे, शेंगा तोडून धुवायच्या, मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकडायच्या आणि कागदी पिशव्यांत भरून गावात न्यायच्या, असा त्यांचा क्रम त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. शेत आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एका रात्रीपेक्षा जास्त वेळ गेला नाही, हा या पदार्थाचा स्वभाव त्या क्रमातून स्पष्ट होतो. साउथ कॅरोलिना राज्याने 2006 मध्ये कायदा करून उकडलेल्या शेंगेला राज्याच्या अधिकृत खाऊचा दर्जा दिला.

मीठ हा या पदार्थाचा पाया असला, तरी त्यावर चढलेला मसाला ज्या त्या प्रदेशाच्या स्वयंपाकघरातून आला. लुइझियानात समुद्री खेकडे आणि कोळंबी उकडण्यासाठी मोहरी, धणे, लवंग, तिखट मिरची आणि लॉरेलची पाने यांची पुरचुंडी पाण्यात सोडतात. तीच पुरचुंडी आणि लसणीचे गड्डे शेंगांच्या भांड्यात गेले आणि ‘केजन’ म्हणून ओळखली जाणारी तिखट शेंग तयार झाली. चीनमध्ये भुईमूग मिंग काळात पोचला, आणि तिथे चक्रीफूल, दालचिनी, बडीशेप, आले आणि कोकणातल्या तिरफळाची सख्खी भावंडे शोभणारी सिचुआनची मिरी यांच्यासह तो टरफलातच उकडला जाऊ लागला. 1852 पासून चिनी मजूर उसाच्या मळ्यांवर करार करून हवाईत जाऊ लागले, आणि चक्रीफुलाच्या वासाची उकडलेली शेंग आज हवाईचा आपला खाऊ मानली जाते. आफ्रिकन माणूस बेड्यांत नेला गेला आणि चिनी माणूस करारावर गेला, तरी दोघांच्याही बाबतीत रीत नेली ती मजुराने.

महाराष्ट्रात खरिपाचा भुईमूग भाद्रपद-आश्विनात आणि उन्हाळी भुईमूग ज्येष्ठाच्या आसपास काढणीला येतो, आणि तेवढेच काही आठवडे मंडईत मातीने माखलेल्या ओल्या शेंगांचे ढीग दिसतात. शेंगा तोडण्याचे काम चालू असताना त्यांतल्याच मूठभर उकडून खाणे हा शेतावरच्या दिवसाचा भाग असतो. शेजारच्या बेंगळुरूत बसवनगुडीच्या नंदीमंदिराजवळ कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी ‘कडलेकाई परिशे’ ही शेंगांची जत्रा भरते आणि नव्या हंगामाच्या शेंगांचे ढीग रस्त्याच्या दुतर्फा लागतात.

घरी मसालेदार उकडलेल्या शेंगा करताना या साऱ्या परंपरांचा अनुभव कामी येतो. पहिली कसोटी शेंगेची : टरफल फिकट, भरलेले आणि दाबल्यावर किंचित लवणारे असावे, काळे डाग किंवा बुरशीचा वास असलेली शेंग टाकून द्यावी, कारण भुईमुगावर वाढणाऱ्या अस्परजिलस बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते उकळण्याने पुरते नाहीसे होत नाही. शेंगा तीन-चार पाण्यांत, माती निथळून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, चोळून धुवाव्यात. 1 किलो ओल्या शेंगांना 3 लिटर पाणी आणि 100 ग्रॅम मीठ हे प्रमाण ठीक पडते. असे पाणी जवळजवळ समुद्राइतके खारट होते, आणि ते तसे असावेच लागते, कारण मिठाला टरफल आणि दाण्यावरचा पापुद्रा असे दोन पडदे ओलांडायचे असतात. शेंगा पाण्यावर तरंगतात, म्हणून त्यांच्यावर ताटली ठेवून त्या बुडवाव्यात.

मसाला अख्खाच घालावा आणि तो सुरुवातीपासून घालावा. लुइझियानाच्या वळणाने करायच्या असतील तर लसणीचे दोन गड्डे आडवे चिरून, मोहरी, धणे, चार लवंगा आणि लाल मिरच्या. चिनी वळणाने करायच्या असतील तर तीन-चार चक्रीफुले, दालचिनीचा तुकडा, ठेचलेले आले आणि उपलब्ध असल्यास चमचाभर तिरफळ. मीठ पाण्यात पूर्ण विरघळते, पण मिरचीचा तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही. म्हणून तिखट चव दाण्यापर्यंत पोचावी असे वाटत असेल तर प्रत्येक शेंगेचे टोक दाबून टरफलाला बारीक चीर पाडावी. मंद आचेवर ओल्या शेंगांना तास-दीड तास, कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या पुरतात. वाळलेल्या शेंगा वापरायच्या तर त्या रात्रभर भिजवाव्यात आणि उघड्या भांड्यात तीन-चार तास शिजवाव्यात. दाणा शिजलेल्या राजम्यासारखा दाताखाली अलगद मोडला की आच बंद करावी, पण शेंगा लगेच उपसू नयेत. गार होताना टरफलातली पोकळी खारट पाणी आत ओढून घेते आणि खरी चव याच तासा-दोन तासांत मुरते. दर अर्ध्या तासाने एक शेंग सोलून पाहावी आणि मीठ मनाजोगते झाले की निथळून घ्यावे. उरलेल्या शेंगा शीतकपाटात ठेवून चार-पाच दिवसांत संपवाव्यात.

उकडण्याने दाण्यात जे बदल होतात, त्यांकडे अलीकडे वैद्यकानेही लक्ष दिले आहे. भाजण्याने भुईमुगातली ॲलर्जी उत्पन्न करणारी प्रथिने अधिक प्रखर होतात, तर उकडण्याने ती काही अंशी पाण्यात उतरतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या अभ्यासात, भुईमुगाची ॲलर्जी असलेल्या 70 मुलांना वैद्यकीय देखरेखीखाली आधी 12 तास उकडलेले, मग 2 तास उकडलेले आणि शेवटी भाजलेले दाणे वाढत्या मात्रेने देण्यात आले, आणि त्यांतल्या 56 मुलांना दाणे सोसू लागले. हा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घरी करण्याचा नाही.

भुईमुगाच्या इतिहासात तेलाच्या गिरण्या, निर्यातीचे आकडे आणि कारखानदारांची नावे ठळकपणे येतात, आणि ती येणे योग्यही आहे. परंतु त्याच पिकाच्या सर्वांत साध्या पाककृतीचे श्रेय ज्यांच्याकडे जाते, त्या आफ्रिकन स्त्रिया, कॅरोलिनातले गुलाम, हवाईतले मजूर आणि दख्खनच्या शेतावरच्या शेंगा तोडणाऱ्या बाया त्या इतिहासात क्वचितच दिसतात. साउथ कॅरोलिनाने एका खाऊला राज्यमान्यता दिली, तेव्हा त्या खाऊमागच्या लोकांचे ज्ञान मान्य करण्याची वेळ आली होती. पाककृतींचा इतिहास लिहिताना कोणी छापले याबरोबर कोणी पिकवले आणि कोणी शिजवले, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे.