नसबंदी: गोऱ्ह्यापासून सिंहापर्यंत

विष्णुपुरीच्या शिवारात औत ओढणारा लाल कंधारी बैल कधीकाळी मस्तवाल गोऱ्हा होता. त्याला बडवला, म्हणजे खच्ची केला, तेव्हा कुठे तो खांदा देऊ लागला. पूर्वी हे काम ठेचून होई. पुढे बर्डिझोचा चिमटा आला. कातडी न फाडता तो आतल्या शिरा चिरडतो. जनावराची वीण माणसाने हातात घेतली ती शेतीच्या गरजेपोटी.

सिंहापर्यंत हा हात पोचला तो खेळापायी. 1880 मध्ये विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली. पुढे तंबूतंबूंत सिंह आले. चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात सर्कशीतल्या आफ्रिकी सिंहांचा गीरच्या सिंहांशी संकर झाला आणि प्रजा वाढत गेली. ती ना गीरच्या संवर्धनाला उपयोगी, ना जंगलात सोडण्याजोगी. अखेर तिथल्या नरांची नसबंदी करावी लागली.

मग बैलासारखे खच्चीच का केले नाही? कारण अंडकोष गेले की नराचे संप्रेरक आटते आणि आयाळ झडते. नसबंदीत सिंहाला भूल देऊन लहानसा छेद घेतात, शेवयीसारखी रेतवाहिनी बाहेर ओढतात, दोन ठिकाणी बांधतात आणि मधला तुकडा कापतात. आयाळ राहते, गर्जना राहते, मीलनही राहते.

मात्र मीलन राहते म्हणूनच सिंहिणीला धोका असतो. मार्जारकुळात साधारणतः मीलनानंतरच बीज सुटते. गर्भ नसतानाही गर्भाशय पुन्हा पुन्हा तयारी करते आणि काही वर्षांनी त्यात पू होऊ शकतो. 1970 च्या दशकात अमेरिकेत माद्यांना गर्भ राहू नये म्हणून कातडीखाली संप्रेरकाच्या कांड्या बसवू लागले. त्यांतून गर्भाशयाचे आणि स्तनांचे कर्करोग दिसून आले. म्हणून काही माद्यांचे अंडाशय आणि गर्भाशय काढणेच हिताचे ठरते, शस्त्रक्रिया मोठी असली तरी.

आपल्या 1992 च्या प्राणिसंग्रहालय नियमांनी संकराला मनाई केली आणि भराभर वाढणाऱ्या प्राण्यांसाठी नर-मादी वेगळे ठेवणे, नसबंदी हे उपाय सांगितले. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात डिसेंबर 2020 मध्ये वाघिणीला पाच बछडे झाले, तेव्हा मराठवाडा हरखला. असे बछडे जन्मले की पाहायला जरूर जावे. पण या जिवांना पुढची पंधरा वर्षे पुरेल एवढी जागा कुठे आहे, हेही तिथे विचारावे. जागा नसेल, तर जन्म टाळणे हीच दया आहे.