पाण्यानं पाठीला काय दिलं? मुरलीकांत पेटकरांची गोष्ट

मी बोलतोय बंगळुरूच्या यशवंतपूरहून. बेळगाव-मिरजेकडून रेल्वेनं येणाऱ्या पुष्कळ मराठी माणसांना हे स्टेशन ओळखीचं असेल.

मणक्यातली गादी सरकली म्हणून गेल्या वर्षी मी इथंच पाण्यातले व्यायाम करत होतो. छातीइतकं कोमट पाणी, हाताशी कठडा आणि त्यात नुसतं चालायचं. जमिनीवर दहा पावलांत कळवळणारा मी पहिल्याच दिवशी हौदाच्या या टोकापासून त्या टोकाला गेलो. तिथं येणाऱ्या एक मराठी मावशी म्हणाल्या, “काय हो, हे पाण्यात चालणं म्हणजे नवीनच फॅड दिसतंय!” फॅड नाही, एवढं मला माहीत होतं. पण हे सुरू कधी झालं, ते सांगता येईना. म्हणून वाचत गेलो आणि पोहोचलो आपल्या सांगली जिल्ह्यातल्या एका सैनिकापर्यंत.

मुरलीकांत पेटकर. ‘चंदू चॅम्पियन’ हा 2024 चा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, तो त्यांच्यावरच आहे. पेठ-इस्लामपूरचा हा तरुण लष्करात ईएमई दलात होता. चांगला मुष्टियोद्धा होता. 1965 च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. पाठीच्या कण्याला इजा झाली, कमरेखालचं अंग लुळं पडलं. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार सुरू असताना त्यांना पोहायचा सल्ला मिळाला. पदकासाठी नव्हे, उपचार म्हणून.

हा सल्ला तेव्हा किती वेगळा होता, हे समजायला थोडं मागं जाऊ. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जूला इजा झालेला माणूस म्हणजे संपलेला माणूस, असंच धरलं जाई. पडून राहून पाठीला जखमा होत, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होई आणि त्यातच बहुतेक जण दगावत. हे बदलवणाऱ्यांत मोठं नाव डॉ. लुडविग गुटमान यांचं. ज्यू असल्यामुळं त्यांना 1939 मध्ये जर्मनी सोडावी लागली. 1944 मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेविल इथं त्यांनी असे रुग्ण हाती घेतले. ठरावीक वेळानं कूस बदलायची, मूत्राशयाची काळजी घ्यायची आणि व्यायाम म्हणून खेळायचं. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, त्यांनी तिथं 16 अपंग सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचं मूळ ते.

तिकडं अमेरिकेत, पोलिओनं पाय गेलेले फ्रँकलिन रूझवेल्ट 1924 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्सच्या कोमट पाण्यात उतरले होते. त्यांचे पाय पूर्ववत झाले नाहीत, पण पाण्यात हालचाल सोपी होते, हे त्यांनी अनुभवलं. पुढं त्यांनी तिथं रुग्णांसाठी केंद्रच उभारलं.

पाणी करतं तरी काय? विहिरीत पोहरा पाण्यात असेपर्यंत हलका लागतो, वर आला की जड. तसंच शरीराचं. कमरेइतक्या पाण्यात पायांवर साधारण निम्मंच वजन येतं, मानेइतक्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा. कण्यावरचा भार उतरतो. कोमट पाण्यानं आखडलेले स्नायू सैलावतात. शिवाय पाणी सगळीकडून थोडा विरोध करतं, त्यामुळं वजन न उचलता ताकद वाढते.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुटलेला मज्जारज्जू पाण्यानं जुळत नाही. पेटकरांचे पाय पाण्यानं परत दिले नाहीत. पाण्यानं त्यांना उरलेल्या शरीराचा पुरेपूर वापर करू दिला. 1972 मध्ये जर्मनीत, हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये, त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारतीयाचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण! ज्या जर्मनीनं गुटमानना घालवलं, तिथंच त्यांच्या विचाराचं हे फळ दिसलं. पद्मश्री मात्र पेटकरांना 2018 मध्ये मिळाली, म्हणजे 46 वर्षांनी.

मला खरी बोच लागते ती वेगळीच. पेटकर सैनिक होते, म्हणून त्यांना ते रुग्णालय आणि तो सल्ला मिळाला. ऊस तोडताना किंवा इमारतीच्या पराती बांधताना पडून कण्याला मार बसलेल्या मजुराला असा हौद कुठं मिळतो? शहरात आहेत, पण पैसे मोजावे लागतात. तालुक्याच्या गावात बहुधा खाटच नशिबी येते.

आणि हो, हे ऐकून कुणी थेट विहिरीत उडी मारू नका. कणा स्थिर आहे, जखमा भरल्यात, असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच पाण्यात उतरायचं, तेही जाणकार माणूस शेजारी असताना. पायाला संवेदना नसेल तर गरम पाण्याचा चटकाही कळत नाही.

त्या मावशी पुन्हा भेटल्या तेव्हा त्यांना हे सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे आपण पेटकरांच्याच वाटेनं चाललोय की!” आणि कठडा सोडून दोन पावलं पुढं गेल्या.

भेटू पुढच्या भागात.